वाचकांचे प्रश्न : कपाटाचं कुलूप आणि सहा हजार रुपये

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बडोद्यात, विश्वामित्री नदीपासून फार लांब नसलेल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात २८ मुलं. मागच्या भिंतीला लोखंडी कपाट आहे आणि नोंदवहीप्रमाणे त्यात ३१२ पुस्तकं आहेत. २०२४ च्या ऑगस्टातल्या पुरात खालचा खण भिजला. ती पुस्तकं वाळवून पुन्हा तिथंच लावली. मुलं कपाटाकडं फिरकत नाहीत. वाचनाच्या तासाला पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघत बसतात. यंदा एका माजी विद्यार्थ्यानं मुलांच्या पुस्तकांसाठी ६००० रुपये दिले. मोठ्या बाई म्हणतात, जुनं काही काढायचं नाही, तपासणीला मोजून दाखवावं लागतं, नवीन त्यातच बसवा. पण बसवायला जागाच नाही. कोणती पुस्तकं घ्यावीत, यादी द्याल का? आणि वाचून झालं की मुलांकडून सारांश लिहून घ्यावा का?
– पाचवीच्या बाई, बडोदा

उत्तर : बाई, यादीचं पुढं बघू. ते सहा हजार आहेत तसे पाकिटात राहू द्या आणि आधी कपाट रिकामं करा. सगळं. वरच्या खणातले नकाशे आणि गेल्या वर्षीच्या गॅदरिंगचे मुकुटसुद्धा.

शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातला शेवटचा दीड तास घ्या. वर्गात सतरंजी अंथरा आणि मुलांनाच पुस्तकं काढू द्या. एकटीनं करू नका, दमाल. आणि एकटीनं केलंत तर एकही पुस्तक बाहेर जाणार नाही. प्रत्येक पुस्तक हातात घेतलं की आपल्यालाच त्याची दया येते. मुलांना येत नाही. 'बाई, याला वास मारतो,' असं ती सरळ सांगतात.

मुलांना एकच काम द्या : मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायची. चिठ्ठी कोरी असेल तर पुस्तक डावीकडं, शिक्के असतील तर उजवीकडं. माझा अंदाज, डावीकडचा ढीग दोनशेच्या वर जाईल आणि तो दिसायला सुंदर असेल. कडा सरळ, कव्हर चकचकीत. उजवीकडं पाठ उसवलेली, कोपरे दुमडलेली, एखाद्या पानावर शेव-उसळीचा पिवळा डाग पडलेली चाळीसेक पुस्तकं दिसतील. तपासणीच्या भीतीनं आपण नेहमी उलटं करतो : फाटकं काढतो आणि नवंकोरं ठेवतो. ज्या पुस्तकाच्या चिंध्या झाल्या तेच तुमच्या वर्गाचं आवडतं पुस्तक आहे. त्याची नवी प्रत आणायची. शक्य असेल तर दोन.

डावीकडचं सगळंच टाकू नका. काही चांगली पुस्तकं निव्वळ कपाटात मागं गेल्यानं मेलेली असतात. त्यातली वीसेक तुम्ही स्वतः निवडून बाजूला ठेवा. बाकीच्यांत काय निघेल ते न बघता सांगते, कारण प्रत्येक शाळेच्या कपाटात तेच असतं. पाठ्यपुस्तकांच्या उरलेल्या प्रती. 'थोर' या शब्दानं सुरू होणारी चोवीस-चोवीस पानी चरित्रं, ज्यांत प्रत्येक थोर माणूस लहानपणी खोटं बोलत नाही आणि नदी पोहून शाळेत जातो. शिक्षकांसाठीच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिका. आणि सामान्य ज्ञान! या सामान्य ज्ञानाला एक झटपट परीक्षा लावा. ग्रह नऊ लिहिले असतील तर ते २००६ च्या आधीचं, त्या वर्षी प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला. छत्तीसगड मध्य प्रदेशातच असेल तर २००० च्या आधीचं. तेलंगण आंध्रात असेल तर २०१४ च्या आधीचं. चुकीची माहिती आपल्याच शाळेच्या शिक्क्यानं मुलांच्या हातात द्यायची आणि मग परीक्षेत तिलाच लाल रेघ मारायची, हे बरं नव्हे.

भिजलेल्या खणाबद्दल कठोर होते. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी त्याचा वास घेतलाय. ज्या पानांवर काळे-हिरवे ठिपके आले आहेत ती पुस्तकं आजच वेगळी काढा. बुरशी शेजारच्या पुस्तकांत जाते, आणि वर्गात एखादं दम्याचं मूल असतंच. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं भिजून वाळली की वीट होते. पानं सोडवायचा प्रयत्न करू नका, नुसता वेळ जातो. पुन्हा असा प्रसंग आला (येऊ नये) तर पहिल्या दोन दिवसांतच काय ते करावं लागतं, तेवढ्यात बुरशी धरते. उन्हात टाकायची नाहीत, वाकडी होतात. पंख्याखाली उभी, पंख्यासारखीच उघडी ठेवायची, मधे वर्तमानपत्र घालायचं आणि ते दर दोन-तीन तासांनी बदलायचं. आणि खालचा खण यापुढं रिकामा. तिथं खो-खोची निशाणं ठेवा, उड्या मारायच्या दोऱ्या ठेवा.

उजवीकडच्या फाटक्यांना सेलोटेप लावू नका, कितीही हात शिवशिवले तरी. वर्षा-दोन वर्षांत टेप पिवळी पडते, गोंद पानात झिरपतो आणि खालची अक्षरं तपकिरी होतात. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाचा पांढरा कागद घ्या. उत्तरायणानंतर असा कागद बडोद्यात प्रत्येक गच्चीवर पडलेला असतो, वेगळा विकत घ्यायचं कारण नाही.

आता मोठ्या बाईंचं ऑडिट. त्यांच्यावर चिडू नका, ती भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी, १९८९ साली, वर्गातली तीन पुस्तकं हरवली. शाळा कोणती ते राहू दे. माझ्या पगारातून ८५ रुपये कापले. रोजचं अर्धा लिटर धरलं तर तेव्हा ते आमच्या घरचं महिन्याचं दूध होतं. दुसऱ्याच दिवशी मी कपाटाला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दोन वर्षं एकही पुस्तक हरवलं नाही, म्हणून स्नेहसंमेलनात माझं कौतुक झालं. नारळ आणि शाल.

तर मोठ्या बाईंना हे सांगा. पुस्तकं हरवणार, हे सरकारलाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी लिहिलंय की वर्षभरात दिल्या-घेतलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागं पाच पुस्तकं गेली तर ते नुकसान वाजवी समजावं. मात्र त्यामागं अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. तुमच्या शाळेला हा नियम जसाच्या तसा लागू होत नसेल, पण दाखवायला उपयोगी पडतो. काढून टाकायच्या पुस्तकांचं म्हणाल तर त्याला निर्लेखन म्हणतात, आणि ते चोरून करायचं नसतं. दाखल क्रमांक, नाव, किंमत, कारण ('पुरात भिजले', 'माहिती जुनी', 'पाठ्यपुस्तकाची जादा प्रत') अशी यादी करायची, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्यायचा, नोंदवहीत त्या-त्या ओळीवर लाल शाईनं ठरावाची तारीख घालायची. मग तपासणीला ३१२ ऐवजी शंभर दिसले तरी हिशेब लागतो. आमच्याकडं शेवटच्या वर्षी मी असा ठराव केला तेव्हा क्लार्क एवढंच म्हणाला, 'बेन, हे आधी का नाही केलं? माझीही मोजदाद वाचली असती.' वीस वर्षं मी ज्याला घाबरत होते तो माणूस!

आणि शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं म्हटलंय. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टीची पुस्तकं हवीत. गोष्टीची पुस्तकं हे कायद्यात वेगळं लिहिलंय. वेळ आली तर वाचून दाखवा.

समजा, कपाटात आता सत्तर पुस्तकं उरली. ती सगळी एकदम दाखवू नका. बाजूच्या भिंतीवर, मुलांच्या छातीच्या उंचीवर, दोन दोऱ्या ताणून बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पंधरा पुस्तकं लटकवा, कव्हर समोर येईल अशी. जाड पुस्तकांना खिडकीचा कट्टा. कपाटात पुस्तकाची नुसती पाठ दिसते, आणि मुलांच्या पुस्तकांची पाठ असते बोटभर, त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. पाठ बघून पुस्तक उचलणारा दहा वर्षांचा मुलगा मी तरी पाहिला नाही. तीन आठवड्यांनी पंधरा उतरवा, दुसरी पंधरा लावा. उतरवलेली दोन महिन्यांनी परत लावलीत की मुलं 'नवीन आलं!' म्हणून धावतात. ही फसवणूक मी अनेक वर्षं केली आहे.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही, आपल्या गावचीच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं, सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. मांडवीजवळच्या त्या इमारतीतले काचेचे मजले, ज्यांतून वरचा उजेड खाली झिरपतो, आपण सगळ्यांनी बघितलेत. (लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायची मला भीती वाटायची, आजही थोडी वाटते.) मुलांसाठी तिथं तेव्हाच वेगळा विभाग होता. पण मला त्याहून थोर वाटतात त्या पेट्या. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून संस्थानातल्या खेड्यांत पाठवायची, तिथं वाचून झाली की पेटी परत, मग दुसरी. फिरती ग्रंथालयं. खेड्यात लायब्ररीची इमारत नव्हती, तरी पुस्तकं शिळी होत नव्हती. तुम्हीही तेच करा. चौथीच्या आणि सहावीच्या बाईंना गाठा. तिघींनी वीस-वीस पुस्तकांचं एकेक खोकं करा आणि दिवाळीनंतर खोकी फिरवा. खर्च शून्य, आणि साठ पुस्तकं एकेका वर्गाला.

आता सहा हजार. एकदम खर्च करू नका. मी एकदा पुस्तक-प्रदर्शनात 'शंभर पुस्तकांचा संच, निम्म्या किमतीत' बघून भाळले होते. ह्यांनी स्कूटरवर पुढं-मागं बांधून आणला. सगळ्या गोष्टींत एकच कोल्हा, एकच चित्रकार आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य. संच घेऊ नका, कोणाचाच. अडीच हजार आत्ता, दोन हजार दिवाळीनंतर, दीड हजार फेब्रुवारीत. आत्ता घेतलेल्यांतलं काय चाललं ते बघून पुढचं घेता येईल. मुलांची साधी, सचित्र, पातळ पुस्तकं ५० ते १५० रुपयांत मिळतात, म्हणजे पहिल्या फेरीत पंचवीस-तीस होतील.

निवडायला मुलांना न्या. पाच जणांची खरेदी समिती करा, आणि त्या पाचांत दोघं अशी घ्या ज्यांना वाचायचा कंटाळा आहे. हे महत्त्वाचं. हुशार मुली तुम्हाला आवडेल तेच निवडतात. कंटाळेखोर मूल जे पुस्तक दुकानात उभ्या-उभ्या चार पानं वाचेल, ते डोळे मिटून घ्या. रावपुऱ्यात मराठी बालपुस्तकं फारशी मिळायची नाहीत, हे खरं. पुण्या-मुंबईहून टपालानं मागवावी लागतील. मग प्रकाशकांच्या सूचीची पानं वर्गात फिरवा आणि मुलांना खुणा करू द्या.

नावं : नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मालिका स्वस्त आणि भरवशाची. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर चार पातळ्यांपैकी कोणती ते छापलेलं असतं, तुमच्या कच्च्या वाचकांसाठी पहिल्या दोन पातळ्या घ्या (पण ते त्यांना सांगू नका). चेन्नईचं तूलिका मराठीतही काढतं, गुजरातीतही. पुण्याकडचं ज्योत्स्ना प्रकाशन चित्रांच्या बाबतीत नेटकं. हिंदी वाचणारी मुलं असतील तर भोपाळच्या एकलव्यचं 'चकमक' मासिक, १९८५ पासून निघतंय. आणि फुकट हवं असेल तर दोन ठिकाणं : बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या कितीतरी गोष्टी आहेत, त्या छापून घ्यायला परवानगी आहे. शाळेच्या प्रिंटरवर काढा, मधोमध दाभणानं तीन टाके घाला, झालं पुस्तक.

पुस्तकांची नावं मात्र देणार नाही. माझी यादी माझ्या वर्गाची होती. प्रकार सांगते. विनोद आणि कोडी, भरपूर. भुतं, फार रक्त न सांडणारी. किडे, साप, मगरी, खऱ्या फोटोंची. विश्वामित्रीच्या मगरींमुळं आपल्या मुलांना मगरीचं वेगळं सांगावं लागत नाही. क्रिकेट. यंत्रं आतून कशी असतात ते. जादूचे प्रयोग. गॅस न पेटवता करायचे खाण्याचे पदार्थ. चित्रकथा, 'ही काय पुस्तकं झाली?' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बिनशब्दांची चित्रपुस्तकं दोन-तीन, पाचवीलाही चालतात, अडखळत वाचणाऱ्याला त्यात लाज नसते. आणि अशी गोष्ट जिच्यातलं घर चाळीतलं किंवा फ्लॅटमधलं आहे, वाड्यातलं नाही. जिच्यातली आई कामावर जाते.

विकत न मिळणारंही ठेवा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडिलांचं प्रतापनगरला गॅरेज. पुस्तकाला हात लावायचा नाही. एकदा घरातली आवराआवर करताना स्कूटरबरोबर आलेली माहितीपुस्तिका सापडली, ती मी सहज दोरीवर लटकवली. तो मधल्या सुट्टीत तिच्यासमोर उभा राहिला, हात न लावता, मान वाकडी करून. मग चिमटा काढला. पुस्तिकेत एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला हिंदी. तो बोट ठेवून वाचत होता, आणि बोटाच्या नखात ग्रीसची काळी रेघ. स्पार्क प्लगच्या चित्रापाशी थांबून म्हणाला, 'बाई, इथं अंतर दिलंय. पप्पा नुसतं नजरेनं लावतात.' महिनाभर पुस्तिका त्याच्याच दप्तरात होती. मग एक दिवस परत आणली, आतल्या बाजूला पेन्सिलीनं एक दुरुस्ती केलेली. ती दुरुस्ती बरोबर होती, ह्यांनी तपासली.

सारांश लिहून घ्यायचा का? नको. अजिबात नको. जेवण झाल्यावर काय-काय खाल्लं त्याचा निबंध लिहायला सांगितला तर मुलं जेवायचीसुद्धा नाहीत. त्याऐवजी मोठ्या सुट्टीनंतर रोज दहा मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचा. गोष्ट रंगात आली की घड्याळ बघा, पुस्तक मिटा आणि मुलांसमोर दोरीला लटकवा. पुढं काही बोलू नका. त्या दिवशी ते पुस्तक घरी कोण नेणार यावरून भांडण झालं नाही तर मला कळवा.

देवाणघेवाणीची वही मुलांच्याच ताब्यात द्या. चार रकाने : नाव, पुस्तक, नेलं, आणलं. दर आठवड्याला दोन ग्रंथपाल, त्यांत एक तरी वर्गातला दंगेखोर. माझ्याकडं ज्याच्या खिशात नेहमी गोट्या असायच्या, त्यानं वसुलीचं काम इतकं मनावर घेतलं की एका मुलीच्या घरी जाऊन, तिच्या आजीच्या उशीखालून पुस्तक आणलं. आजी वाचत होत्या. त्यांचं निम्मं राहिलं होतं. मग आम्ही वहीत आजींचं वेगळं नाव घातलं.

कुलूप काढलंत तर मला फोटो पाठवा. किल्ली मोठ्या बाईंकडं जमा करा, पावती घ्या.


प्रश्न : माझ्याकडं जवळजवळ तीस वर्षांचे दिवाळी अंक आणि मुलांच्या लहानपणीची पुस्तकं आहेत. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. एखाद्या शाळेच्या ग्रंथालयाला सगळं द्यायची इच्छा आहे. शाळा नको म्हणते. आजकाल पुस्तकांची किंमतच उरली नाही का?
– एक आजोबा, राजमहल रोड

उत्तर : आजोबा, शाळेचं बरोबर आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण वरच्या बाईंच्या कपाटात जे दोनशे निघणार आहेत त्यांतली निम्मी अशाच प्रेमानं आलेली असतील. दिवाळी अंक मुलांचे नव्हेत. ते एखाद्या वाचनालयाला विचारून द्या, आणि आधी विषयवार लावून. नुसती थप्पी कोणी घेत नाही. मुलांच्या पुस्तकांना एकच कसोटी : हे पुस्तक मी आज नातवाच्या वाढदिवसाला देईन का? द्याल अशी पंधरा-वीस निघतील, ती शाळा आनंदानं घेईल. बाकीची पस्तीवाल्याला. हात थरथरत असेल तर तुम्ही आत बसा आणि काम शेजारच्या कोणावर सोपवा, मी माझ्या वडिलांच्या पुस्तकांच्या वेळी तेच केलं.

आणि एक सुचवू? त्या पंधरा-वीस पुस्तकांबरोबर तुम्हीही शाळेत जा. महिन्यातून एक शनिवार, अर्धा तास वाचून दाखवायला. पुस्तकांना नाही म्हणाले तसं तुम्हाला म्हणणार नाहीत. दात नीट बसवून जा, मुलं हसतात.


प्रश्न : आमची मुलगी गुजराती माध्यमात चौथीला आहे. घरी मराठी बोलते, पण मराठी पुस्तक दिलं की दोन ओळींत कंटाळते. तिच्या वर्गात पुस्तकांचा कोपरा केला आहे, तिथं सगळी गुजराती. बाईंना मराठी ठेवायला सांगावं का? वर्गात सात-आठ मुलं मराठी घरची आहेत.
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर : जरूर सांगा, पण 'आमच्या भाषेचं ठेवा' असं म्हणू नका. तुम्हीच चार पुस्तकं घेऊन जा. ज्यांचं गुजरातीही निघालं आहे अशी मराठी पुस्तकं बघा, तूलिकाकडं मिळतात. दोन्ही शेजारी-शेजारी लावायची. चित्रं तीच, गोष्ट तीच. गुजराती घरची मुलंही मराठी प्रत उचलतात आणि ओळखीचे शब्द शोधतात.

तुमच्या मुलीला कंटाळा येत नसावा, तिला अक्षरं अडवत असावीत. गुजरातीला शिरोरेषा नाही. डोक्यावरची रेघ आली की तिला सगळी अक्षरं एकाच दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात, शब्द कुठं संपला कळत नाही. ज, झ, ख, फ, ब यांची वळणं गुजरातीत निराळीच, तिथं ती थबकते. ग, त, म, न, र वगैरे तिला रेघ पुसली की येतातच. मी मुलांना एक खेळ द्यायचे. जुन्या कॅलेंडरचा कागद घ्यायचा, त्यात शब्दाच्या आकाराची खिडकी कापायची, वरची कड बरोबर शिरोरेषेवर ठेवायची. रेघ झाकली जाते, खाली ओळखीची मंडळी दिसतात. मग फक्त पाच-सहा अनोळखी उरतात. आठवडाभरात मुलं खिडकी फेकून देतात.

पुस्तकं तिसरीची द्या, चौथीची नको. मोठी अक्षरं, पानावर दोन-तीन ओळी. आणि ती 'चोपडी' म्हणाली तर दर वेळी 'पुस्तक' म्हणून दुरुस्त करू नका. माझ्या सासूबाई तीन पिढ्या बडोद्यातल्या, ज्ञानेश्वरीलासुद्धा चोपडीच म्हणायच्या.